गोदावरी : नदीखोऱ्याचा इतिहास व पर्यावरण

गोदावरी : दक्षिण भारतातील सर्वांत मोठी व लांबीच्या दृष्टीने भारतात गंगेखालोखाल येणारी नदी. लांबी सु. १,४६५ किमी.; जलवाहन क्षेत्र सु. ३,१२,८१२ चौ. किमी. नासिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर सु. १,०६७ मी. उंचीवर ती उगम पावते. उगमापासून अरबी समुद्र अवघ्या ८० किमी.वर असूनही सह्याद्रीच्या कण्यामुळे ती पूर्वेस वळते आणि सबंध दख्खन ओलांडून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. गौतमी, दक्षिण गंगा, वृद्ध गंगा ही तिची इतर नावे. महाराष्ट्रातील काठावरचे लोक तिला नुसते ‘गंगा’ असेच म्हणतात. गंगापूर, गंगाखेड ही ग्रामनामे आणि ‘गंगथडी’ हे तीरप्रदेशाचे नाव यांतून हीच परंपरा दिसते. तिचे जवळजवळ निम्मे जलवाहन क्षेत्र महाराष्ट्रात असून उरलेले तेलंगण, आंध्र प्रदेश, छत्तीसगढ, मध्य प्रदेश, ओडिशा व कर्नाटक या राज्यांत विभागले आहे.

या नदीचा इतिहास समजून घेण्यासाठी तिच्या पाण्याची एक विषमता प्रथम ध्यानी घ्यावी लागते. इगतपुरी-त्र्यंबक परिसरात वर्षाकाठी ३,००० मिमी.च्या घरात पाऊस पडतो. तेथून पूर्वेस साठसत्तर किलोमीटर गेले, की सिन्नर-कोपरगावच्या बाजूस तो ५०० ते ६०० मिमी. एवढाच उरतो. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातून नदी दीर्घ अंतर वाहते व दारणा, कादवा, प्रवरा, शिवना, सिंदफणा, पूर्णा यांचे पाणी घेते. या उपनद्यांपैकी सह्याद्रीत उगम पावणाऱ्या दारणा-प्रवरेसारख्या सोडल्या, तर बाकीच्या उन्हाळ्यात जेमतेम धरून वाहतात. मांजरा ही लांबीने सर्वांत मोठी उपनदी, पण तिचा सारा प्रवास अवर्षणग्रस्त प्रदेशातून होतो. गोदावरीला खऱ्या अर्थाने महानदीचे रूप येते ते सिरोंचाजवळ प्राणहिता मिळाल्यावर. वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा यांचे एकत्रित पाणी प्राणहिता आणते. एकंदर खोऱ्याचा सु. एक तृतीयांश भाग तिच्या एकटीच्या वाट्याचा आहे. पुढे बस्तरच्या अरण्यातून येणारी इंद्रावती व तिच्याखाली शबरी या नद्या त्यात भर घालतात. थोडक्यात, नासिक-पैठणची गोदावरी आणि भद्राचलम-राजमहेंद्रीची गोदावरी या जलविज्ञानाच्या दृष्टीने जवळजवळ दोन वेगळ्या नद्या होत. वरची पाण्यासाठी आसुसलेली, तर खालची पुरासाठी ख्यात. १६ ऑगस्ट १९८६ च्या महापुरात धवळेश्वरम् येथे सु. ३५ लाख क्युसेक (सेकंदास सु. ९९,००० घ. मी.) पाणी वाहून गेल्याची नोंद आहे. वरच्या व खालच्या गोदावरीतील पाणीतंट्यांचे मूळ बव्हंशी याच विषमतेत आहे. तिचा विसर पाडून ‘गोदावरीत पाणी मुबलक आहे’ असे सरसकट विधान करणारे नियोजन अनेकदा फसले आहे.

प्राचीन काळ : गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील मानवी वस्ती अत्यंत प्राचीन आहे. प्रवरेकाठी नेवासे येथे ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननांत व समन्वेषणात अश्मयुगीन हत्यारे मिळाली. मध्य पुराणाश्मयुगीन अवजारांच्या एका परंपरेस नेवाशाचेच नाव मिळाले. त्यानंतरच्या ताम्रपाषाणयुगातील जोर्वे संस्कृतीही (इ. स. पू. सु. १४००–१०००) संगमनेरजवळच्या जोर्वे या प्रवरेकाठच्या खेड्यावरून ओळखली जाते. प्रवरेकाठीच श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद हे या संस्कृतीचे मोठे केंद्र होते. तेथे १९७४ मध्ये ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा व बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष अशा चार वजनदार शिल्पाकृती सापडल्या. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि गेंडा व हत्ती यांची हुबेहूब घडण करणाऱ्या कारागिरास हे प्राणी ऐकीव नसावेत, असे त्या पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

इ. स. पू. १००० च्या सुमारास गोदावरी-प्रवरा काठच्या या वसाहती ओस पडल्या. म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध वाढत्या शुष्कतेशी व घटत्या पर्जन्याशी जोडला. नद्यांच्या गाळथरांच्या अभ्यासातूनही त्या काळी हवामानात फरक पडल्याचे सूचित होते. शेतीवर जगणाऱ्या समाजाला या खोऱ्यातून पाण्याअभावी निघून जावे लागले असल्यास, ती येथील पहिली ज्ञात घटना म्हणावी लागेल. अखेरची मात्र नव्हे.

यानंतर काही शतकांनी लोखंडाच्या वापराबरोबर वस्ती पुन्हा दाट झाली. बौद्ध वाङ्मयात अश्मक (अस्सक) व मूलक ही गोदातीरची जनपदे येतात. सुत्तनिपातातील बावरी नामक ब्राह्मणाचा आश्रम याच नदीच्या काठी होता, असे तेथे म्हटले आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान (पैठण) गोदावरीच्या उत्तर तीरावर वसली. एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या पेरिप्लस या ग्रंथात पैठणहून अकीक, तर तगर (तेर) येथून कापड गाड्यांत घालून भडोचच्या बंदरात नेत, अशी माहिती आहे. गोदावरी ही या व्यापाराची वाट नव्हती, ही गोष्ट लक्षणीय आहे. तिचे पात्र उथळ, खडकाळ व हंगामी असल्याने माल बैलगाड्यांनी जाई व नदी केवळ ओलांडली जाई. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत मात्र ‘गोला’ या प्राकृत नावाने ती वारंवार भेटते. तेथे ती तीर्थ म्हणून फारशी येत नाही. तिचे काठ, झाडी, पूर व शेते यांतून ग्रामीण जीवनाचा भाग म्हणून येते.

तीर्थ म्हणून तिची थोरवी पुढील पुराणकाळात वाढली. ब्रह्मपुराणातील गौतमी माहात्म्यात तिच्या दोन्ही काठांवरील तीर्थांची मोठी मालिका वर्णिली आहे. गुरू सिंह राशीत असताना त्र्यंबकेश्वर-नासिक येथे सिंहस्थ मेळा भरतो. त्याच सुमारास खालच्या खोऱ्यात तेलुगू भाषक गोदावरी पुष्करम् साजरे करतात. दोन्हींचे आवर्तन बारा वर्षांचे आहे. महानुभावांच्या लीळाचरित्रात गोदाकाठ पावलोपावली येतो; एकनाथांनी १५९९ मध्ये पैठणला याच नदीत देह ठेवला; नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे महानिर्वाण झाले. नासिकचे रामकुंड व सभोवतालचे घाट आणि देवळे यांना सांप्रतचे स्वरूप बव्हंशी पेशवाईत आले. नारोशंकराच्या देवळाची घंटा आणि घाटावरचा दुतोंड्या मारुती हे नासिककरांचे पूर मोजण्याचे जुने मापदंड होत: पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला लागले, यावरून पुराची तीव्रता सांगण्याची रीत शहरात अद्यापि टिकून आहे.

या काळात नदीचे मुख्य पात्र अडविण्याचा मोठा प्रयत्न कोणी केला नाही. पाणी साठविण्याची कला उपनद्यांच्या आणि ओढ्यांच्या पातळीवर विकसित झाली. वरंगळच्या काकतीय राजवटीत तेराव्या शतकात रामप्पा, लक्नवरम् असे विशाल तलाव बांधले गेले. वैनगंगेच्या खोऱ्यात गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने भंडारा-चांदा भागात हजारो तलाव खोदले. भातशेती, मासेमारी व गुरांचे पाणी या तिन्हींची सोय त्यांनी होई. तलावाची निगा गावाकडे आणि पुढे मालगुजारांकडे असे. १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तेव्हा तलाव शासनाकडे गेले, पण गाळ काढण्याची व पाळ दुरुस्त करण्याची जबाबदारी निश्चितपणे कोणाचीच उरली नाही. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांवरून ‘मामा तलाव’ असे त्यांचे नाव रूढ झाले. सामंती हक्क नाहीसे होणे न्याय्यच होते. परंतु हक्काबरोबर चालत आलेले कर्तव्यही त्यात बुडाले.

धवळेश्वरम् बंधारा : आधुनिक अभियांत्रिकीने या नदीला प्रथम हात घातला तो तिच्या मुखाजवळ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोदावरीचा त्रिभुज प्रदेश दैन्यावस्थेत होता. १८३२-३३ च्या दुष्काळात तेथे व लगतच्या गुंटूर भागात असंख्य लोक मृत्युमुखी पडले. नोव्हेंबर १८३९ मधील चक्रीवादळाने कोरिंगा बंदर उद्ध्वस्त केले. समुद्राला लाखो घनफूट पाणी वाहून जात असताना काठची माणसे अन्नावाचून मरावीत, या विसंगतीकडे मद्रास अभियंता दलातील आर्थर कॉटन या अधिकाऱ्याने लक्ष वेधले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील प्राचीन कल्लणैचा त्याने अभ्यास केला होता व त्या धर्तीवर कोळ्ळिडम् नदीवर १८३६ मध्ये बंधारे बांधले होते. १८४७ मध्ये काम सुरू होऊन १८५२ मध्ये धवळेश्वरम् बंधारा पूर्ण झाला. नदीतील बेटांमुळे त्याचे चार भाग पडले असून एकूण लांबी सु. ४ किमी. भरते. जवळच्याच टेकडीतील दगड आणि देशी गवंड्यांना परिचित असलेली वाळूच्या तळावर बांधकाम करण्याची पद्धत यांमुळे खर्च कमी आला. पाणी साठविणे हा बंधाऱ्याचा हेतू नव्हता. पातळी काही फूट उंचावून ते कालव्यांत वळविणे एवढेच त्याचे काम होते. त्याने दोन्ही गोदावरी जिल्हे भाताचे कोठार बनले. कॉटनचे पुतळे आजही त्या भागात गावोगावी दिसतात. परकीय सत्तेच्या अधिकाऱ्याला एवढी लोकमान्यता क्वचितच लाभली असेल. जुना बंधारा जीर्ण झाल्यावर त्याच्याच नावाचा नवा बंधारा १९७० ते १९८२ च्या दरम्यान उभा राहिला. त्याखाली सु. ४ लाख हे. जमीन भिजते.

कॉटनचा दुसरा मनोरथ मात्र फसला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस नौकांतून गोदावरीमार्गे पूर्व किनाऱ्यावर आणावा, अशी योजना होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडताच तिला जोर चढला. नदीतील खडकाळ अडथळ्यांना वळसा घालणारे बांध व कालवे दुम्मुगुडेम् वगैरे ठिकाणी सुरू झाले. परंतु १८६७ मध्ये नागपूरला आगगाडी पोहोचली, युद्धही संपले होते, आणि १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. सातवाहनांच्या गाडीवानांना जे ठाऊक होते, ते कंपनीच्या व पुढे राणीच्या सरकारला बऱ्याच खर्चाअंती कळले.

ऊर्ध्व गोदावरी : महाराष्ट्राच्या बाजूस कालव्यांचे युग विसाव्या शतकाच्या आरंभी आले. १८७६–७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाले होते. त्यानंतर नेमलेल्या जलसिंचन आयोगाच्या शिफारशींनुसार ‘संरक्षक’ स्वरूपाची कामे हाती घेण्यात आली. नांदूर मधमेश्वर येथील बंधारा व त्यावरून निघणारे गोदावरीचे डावे-उजवे कालवे, त्यांना पाणी पुरविणारे दारणा धरण (१९१६) आणि प्रवरेवरील भंडारदरा धरण (१९२६) ही त्यांतील प्रमुख कामे होत. ज्वारी-बाजरीची पिके अवर्षणात तगवावीत, हा मूळ हेतू. पण चांगल्या पावसाच्या वर्षी जिरायती शेतकरी पाटाचे पाणी घेईना आणि कालव्यांचा खर्च भरून येईना; तेव्हा खात्याने उसाला उत्तेजन दिले. दुष्काळनिवारणासाठी खोदलेले कालवे अशा रीतीने राज्यातील सर्वांत तहानलेल्या पिकाचे आश्रयस्थान बनले. पुढील शंभर वर्षांच्या जलराजकारणाची दिशा याच वळणावर ठरली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

उसाने या पट्ट्यात संपन्नता आणली, हे नाकारता येणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. त्यामागोमाग शाळा, दवाखाने, महाविद्यालये आली. पण काळ्या, चिकण जमिनीला बारमाही पाणी मिळू लागताच भूजलपातळी वर आली व त्याबरोबर खालचे क्षारही वर आले. काही दशकांतच कोपरगाव-राहाता-श्रीरामपूर भागांतील सखल शेते प्रथम चिबड व मग खारवट होत गेली. चर खणून पाण्याचा निचरा करण्याचे उपाय झाले, तरी पाणी देण्याचा उत्साह निचऱ्याच्या कामात कधीच दिसला नाही. कारखान्यांची मळी व आसवन्यांचे सांडपाणी ओढ्यांतून प्रवरा-गोदावरीत उतरू लागले, ही याच व्यवस्थेची दुसरी बाजू होय.

नांदूर मधमेश्वर येथे मात्र एक अनपेक्षित घटना घडली. बंधाऱ्यामागचा जलाशय गाळाने भरत गेला. अभियंत्याच्या हिशेबी ती हानीच. त्या गाळावर बेटे, पाणवनस्पती व उथळ दलदल तयार झाली आणि हिवाळ्यात तेथे उत्तरेकडील बदके, करकोचे व इतर स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. सलीम अली यांनी या स्थळाची तुलना भरतपूरशी केली होती. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले व २०२० मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत महाराष्ट्रातून प्रथम त्याचीच नोंद झाली.

जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्‌घाटन केले. पैठणजवळचा नाथसागर सु. ३५० चौ. किमी. पसरला असून त्याची एकूण साठवण सु. २,९०९ दशलक्ष घ. मी. आहे. शंभराहून अधिक गावे त्यासाठी उठली. मराठवाड्याच्या विकासाच्या आकांक्षा या जलाशयाशी निगडित आहेत. शंकरराव चव्हाणांनी त्याचा पाठपुरावा केला तो याच भूमिकेतून. परंतु सपाट प्रदेशातील हा जलाशय विस्ताराने मोठा व खोलीने बेताचा, तुडुंब भरला तरी सरासरी खोली आठ-नऊ मीटरच. परिणामी बाष्पीभवनाने होणारा ऱ्हास मोठा. त्यातच नियोजनात गृहीत धरलेला येवा प्रत्यक्षात कमी भरला, आणि वरच्या अंगास नासिक-अहमदनगर (सांप्रत अहिल्यानगर) जिल्ह्यांत धरणे होत राहिली. तुटीच्या वर्षी नाथसागर रिता व वरची धरणे भरलेली, असा देखावा दिसू लागला.

२००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे हा प्रश्न गेला. प्राधिकरणाने २०१४ मध्ये असे ठरविले, की १५ ऑक्टोबरपर्यंत जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. पण कोरड्या पात्रातून शेकडो किलोमीटर पाणी सोडले, की वाळूत मुरते, वाटेत उपसले जाते, व पोहोचते ते पुष्कळ कमी. प्रत्येक तुटीच्या वर्षी दारे उघडताना पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो, यावरून कागदावरील न्याय आणि काठावरचे वास्तव यांतील अंतर कळते. एप्रिल २०१६ मध्ये गोदावरीचे पात्र इतके आटले, की नासिकचे रामकुंड कोरडे पडले. त्याच महिन्यात मांजरेच्या खोऱ्यातील लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पुरविण्यात आले. कृष्णा खोऱ्यातील पाणी गोदावरी खोऱ्यास रुळांवरून आणण्याची ही वेळ अभूतपूर्व होती.

राज्याराज्यांतील वाटप तुलनेने शांतपणे पार पडले. १९६९ मध्ये न्या. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. राज्यांनी १९७५ पासून आपसांत केलेले करार आधारभूत धरून त्याने ७ जुलै १९८० रोजी निवाडा दिला. पैठणपर्यंतचे पाणी वापरण्याची मुभा महाराष्ट्रास मिळाली. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्यावरून उद्‌भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मिटविला : १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याची दारे उघडी ठेवावीत, असे त्या निकालात आहे. निवाड्यात पाण्याचे अब्ज घनफूट मोजले गेले. नदीत स्वतःसाठी किती पाणी वाहते ठेवावे, हा प्रश्न त्या काळी कोणत्याच पक्षाने महत्त्वाचा मानला नाही.

जलप्रदूषण : वाहते पाणी घटत गेले, त्याच काळात नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याचे प्रमाण वाढले. हे दोन बदल एकत्र पाहिल्याखेरीज गोदावरीच्या दुरवस्थेचा उलगडा होत नाही. नदी सेंद्रिय मल काही अंशी स्वतःच पचवू शकते. पाण्यातील सूक्ष्मजंतू विरघळलेला प्राणवायू वापरून त्याचे विघटन करतात व खळाळत्या प्रवाहात प्राणवायूची भरपाई होत राहते. या गरजेचे मापन जैवरासायनिक प्राणवायू मागणीने करतात. स्नानास योग्य पाण्यात ती लिटरला ३ मिग्रॅ.हून अधिक असू नये, असा दंडक आहे. पाणी थोडे व संथ झाले आणि मल वाढला, की प्राणवायू संपतो, मासे मरतात, नायट्रोजन व फॉस्फरसावर जलपर्णी फोफावते. नासिकच्या गंगापूर धरणाखाली (१९६५) नदीत सोडलेले पाणी आवर्तनापुरते येते. एरवी शहराच्या भागात जे वाहते, त्यात नाल्यांचाच वाटा मोठा असतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती व झपाट्याने वाढलेली लोकवस्ती यांनी हा भार वाढविला. नासिकपासून नांदूर मधमेश्वरपर्यंत जलपर्णीचा हिरवा गालिचा हे दृश्य नित्याचे झाले आहे. हे पाणी अखेर नाथसागरात जाते आणि त्याच जलाशयातून छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरास पिण्याचे पाणी मिळते.

२०१२ मध्ये नासिकच्या काही नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाच्या आदेशांमुळे मलशुद्धीकरण केंद्रे, नाले वळविणे, घाटांवर कपडे-वाहने धुण्यास बंदी यांसारखे उपाय सुरू झाले. या याचिकेतून आणखी एक मुद्दा पुढे आला. सिंहस्थाच्या सोयीसाठी रामकुंड परिसरातील नदीच्या तळावर काँक्रीट ओतले गेले होते. त्यामुळे तळाचे जिवंत झरे बुजले. ज्या तीर्थासाठी यात्रेकरू येतात, त्याचेच पाणी यात्रेच्या सोयीने बंद व्हावे, यासारखा विपर्यास विरळाच. पुढे काही कुंडांचे काँक्रीट काढण्यास आरंभ झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते, व त्यांत गोदावरीचाही समावेश होता. पावित्र्याची श्रद्धा नदीच्या रक्षणास पुरेशी पडली नाही. गंगेला मलिनता लागत नाही, या समजुतीने तिच्याकडे दुर्लक्षच अधिक झाले असावे.

प्राणहितेच्या बाजूचे प्रश्न निराळे आहेत. नागपूरचे सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेत उतरते व ते पाणी गोसीखुर्द धरणात जाऊन साठते. वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या खाणी, चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र व बल्लारपूरचा कागद कारखाना यांचा भार वर्धा-इरई या नद्यांवर पडतो. तरीही सिरोंचाच्या खालचे खोरे दीर्घकाळ अरण्याने राखले. इंद्रावतीवर भोपालपट्टणम् व गोदावरीवर इंचमपल्ली येथे प्रचंड धरणे योजिली होती. १९८०–९० या दशकाच्या पूर्वार्धात गडचिरोली-बस्तरच्या आदिवासींनी ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ अशी घोषणा देत त्यांना विरोध केला. बाबा आमटे व लालश्याम शाह या आंदोलनात अग्रभागी होते, आणि प्रकल्प मागे पडले. तेलंगण राज्यनिर्मितीनंतर मात्र कालेश्वरम् योजनेच्या रूपाने याच भागात पाणी उपसण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. जून २०१९ मध्ये मेडीगड्डा बंधाऱ्याचे उद्‌घाटन झाले व ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले.

त्रिभुज प्रदेश : धरणांमागे पाण्याबरोबर गाळही अडतो. तेलंगणातील श्रीरामसागराची मूळ क्षमता ११२ अब्ज घ. फूट होती, १९९४ च्या पाहणीत ती सु. ९० अब्ज घ. फुटांवर आलेली आढळली. अडलेला हा गाळ एरवी समुद्रापर्यंत गेला असता. गोदावरीचा निलंबित गाळ १९७०–८० या दशकात वर्षाला सु. १५ कोटी टन होता, तो १९९०–१९९८ मध्ये ६ कोटी टनांहून कमी झाला, असे आंध्र विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. त्रिभुज प्रदेश हा नदीने गाळ घालून आणि समुद्राने तो झिजवून साधलेला समतोल असतो. भरणा कमी झाला, की समुद्र पुढे सरकतो. उपग्रहचित्रांच्या तुलनेत १९७६ नंतरच्या पंचवीस वर्षांत या किनाऱ्याची सु. १,८०० हे. जमीन निव्वळ घटलेली दिसली; तीत खारफुटीचे क्षेत्रही आहे. गौतमीच्या मुखाजवळील कोरिंगा अभयारण्य (१९७८) ही भारतातील मोठ्या खारफुटी वनांपैकी एक होय. मासेमार मांजर, पाणमांजर व असंख्य पाणपक्षी तेथे आढळतात. चक्रीवादळांची धार बोथट करण्याचे या वनाचे कार्य १८३९ चा इतिहास असलेल्या किनाऱ्यावर कमी लेखता येत नाही. १९९० नंतर कोळंबी तळ्यांसाठी खारफुटी व भातजमिनी मोडल्या गेल्या. किनारी नियमन क्षेत्रातील अशा तळ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निर्णय दिला, तरी खाऱ्या पाण्याचे शेतांतील आक्रमण थांबले नाही.

पावसाळ्याच्या आरंभी लाल पुराबरोबर समुद्रातून नदीत चढणारा पाला मासा (हिल्सा) हा गोदावरी जिल्ह्यांचा अभिमान आहे. नदीत शिरल्यावर त्याला ‘पुलस’ म्हणतात व एकेका माशाला हजारो रुपये मोजणारे शौकीन आहेत. अंडी घालण्यासाठी तो पूर्वी दूरवर जाई. धवळेश्वरम् बंधाऱ्याने त्याची वाट अडविली व उत्पादन घटत गेले. बंधाऱ्याच्या वर पापी टेकड्यांच्या घळीत पोलवरम् धरणाचे काम चालू आहे. १९८१ मध्ये पायाभरणी झालेला हा प्रकल्प २०१४ मध्ये राष्ट्रीय म्हणून घोषित झाला. त्याच्या जलाशयात कोया व कोंडा रेड्डी आदिवासींची शेकडो वाड्या-वस्त्या येतात. लाखाहून अधिक लोकांना गोदाकाठ सोडावा लागणार असून, जुलै २०२२ च्या पुरात भद्राचलमला ७१ फुटांवर पाणी चढले, तेव्हा त्यांपैकी कित्येक गावे धरण पुरे होण्याआधीच बुडाली होती.